वहिनींना गोड चालत नाही

आमचं पोळी-भाजी केंद्र ठाण्यात नौपाड्यात आहे, गोखले रोडच्या मागच्या गल्लीत. पहाटे पाचला शटर वर जातं, साडेनऊपर्यंत डबे बाहेर पडतात, मग अकरापर्यंत काउंटरवर गर्दी. मला डायबिटीस होऊन बारा वर्षं झाली. २०१९ पासून इन्सुलिन घेते, सकाळी आणि रात्री खाण्याआधी अर्धा तास, तीस-सत्तरचं मिश्र इन्सुलिन. माझ्याबरोबर पहिल्या दिवसापासून ज्या मावशी आहेत, त्या मला वहिनी म्हणतात.

१९ सप्टेंबर २०२३, मंगळवार, गणेश चतुर्थी. आमच्यासारख्यांचा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. उकडीच्या मोदकांची ऑर्डर सहाशेच्या वर गेली होती. बहुतेक डबे एकवीसचे, थोडे अकराचे. नेहमीच्या तिघी, वरकामाला आणखी दोघी आणि मी. पाचपाखाडीतल्या घरून निघताना चार वाजता सवयीने सुई टोचून घेतली. रोजचं गणित असं की सुई घ्यायची, दुकानात यायचं, आणि तव्यावरून पहिल्या दोन पोळ्या उतरल्या की त्या भाजीबरोबर खाऊन मगच कामाला हात घालायचा. त्या दिवशी पोळ्याच नव्हत्या. दोन्ही शेगड्यांवर मोदकपात्रं चढलेली. मी बिनसाखरेचा चहा घेतला, अर्धा खाकरा खाल्ला आणि पाटावर बसले. ‘पहिला घाणा उतरला की खाते’ असं मावशींना दोनदा म्हणाले, एवढं मला आठवतं.

सातच्या सुमाराला माझी पारी फाटायला लागली. मोदकाच्या कळ्या काढताना माझा हात आपोआप चालतो, मोजावं लागत नाही. त्या दिवशी दोन कळ्यांच्या मध्ये चीर जायची आणि सारण बाहेर यायचं. मला वाटलं उकड सुकली. मी मावशींवर ओरडले, उकड नीट मळता येत नाही का म्हणून. मावशी तीस वर्षं उकड मळतायत, आणि इतक्या वर्षांत मी त्यांच्यावर कधी आवाज चढवला नव्हता. त्या काही बोलल्या नाहीत. सणाचा दिवस, कामाचा ताण, असं त्यांनी समजून घेतलं.

मग एकवीसच्या डब्यात मी बाराच मोदक भरले आणि झाकण लावलं. गिऱ्हाईक काउंटरवरून काहीतरी विचारत होतं, त्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येत होता. ओठांना मुंग्या आल्या होत्या. आणि घाम. घामाबद्दल मला जरा सविस्तर सांगायचंय, कारण स्वयंपाकघरात काम करणारी बाई घामाकडे कधीच लक्ष देत नाही. शेगडीचा घाम कपाळावर, वरच्या ओठावर येतो, गरम असतो, पदराने पुसला की बरं वाटतं. हा घाम मानेच्या मागून सुरू झाला आणि गार होता. समोर मोदकपात्राची वाफ, आणि पाठीवर ब्लाउज भिजून थंड पडलेला. हा फरक मला त्या क्षणी जाणवला होता, तो आजही अंगावर आठवतो. पण त्याचा अर्थ लावणारं डोकंच जागेवर नव्हतं.

दोन्ही हातांना गूळ-खोबऱ्याचं सारण चिकटलेलं, नखांत गेलेलं, मनगटापर्यंत ओघळलेलं. चार बोटं चाटली असती तरी काहीतरी पोटात गेलं असतं. पण नैवेद्याचं सारण उष्टं करायचं नाही, हे लहानपणापासून इतकं मुरलंय की बाकी सगळं सुटत चाललं होतं तरी हात तोंडाकडे गेला नाही.

मी पिठाच्या पोत्यावर बसले. माझ्या मते मी ‘जरा टेकते’ असं म्हणाले. मावशी सांगतात की मी नुसती त्यांच्याकडे बघत होते आणि जीभ जड झाल्यासारखं काहीतरी पुटपुटत होते. कोणी पंखा माझ्याकडे वळवला, कोणी पाणी आणलं. मोदक न्यायला आलेले एक गृहस्थ म्हणाले, ‘अहो, गुळाचा खडा द्या त्यांना, चक्कर आली असेल.’ त्यावर मावशी घाईघाईने मध्ये पडल्या, ‘नको नको, वहिनींना डायबिटीस आहे. गोड चालत नाही त्यांना.’

ते गृहस्थ मागे सरले. माझ्यापासून दोन हातांवर दहा किलो गूळ होता.

मावशींनी फोन मात्र लगेच घरी लावला. हे पूजेला बसले होते म्हणून मुलीने उचलला आणि पूजेच्या तयारीतून ती तशीच स्कूटीवरून निघाली, माझं ग्लुकोमीटर घेऊन. बोटाला सुई टोचली, आकडा आला ४१. तिने ग्लासात चार चमचे साखर ढवळली आणि आधी एकच घोट दिला. ‘आई, गीळ बघू. गिळलंस? दाखव.’ गिळता येतंय ही खात्री झाल्यावर मग पूर्ण ग्लास. पंधरा मिनिटांनी ५८. पुन्हा चार चमचे. आणखी पंधरा मिनिटांनी ९४. मग तिने कोपऱ्यावरच्या गाडीवरून इडल्या आणून मला समोर बसून खायला लावल्या. साखरेने वर आलेला आकडा टिकत नाही, पोटात काहीतरी आधाराचं जावं लागतं, हे तिला माहीत होतं. माझ्याबरोबर दवाखान्यात थांबायची तेव्हा भिंतीवरचा तक्ता तिने वाचला होता. त्याच तक्त्यासमोर मी चार वर्षं बसत होते.

शुद्ध नीट आली तेव्हा मावशी रडत होत्या. ‘वहिनी, माझ्या हातून काय झालं असतं!’ त्यांची यात काडीची चूक नाही. इतकी वर्षं त्या रोज ऐकतायत की वहिनींचा चहा बिनसाखरेचा, वहिनींना शिरा नको, वहिनींना आंबा एकच फोड. त्यांनी माझ्यावरच्या मायेपोटी तो गूळ अडवला. डायबिटीस म्हणजे साखर वाढते, एवढी अर्धीच गोष्ट मी सगळ्यांना सांगितली होती. साखर वाढून त्रास व्हायला दिवस, महिने, वर्षं जातात. औषधाने ती खाली जाते तेव्हा हातात मिनिटं असतात, आणि तेव्हा औषध म्हणजे साखरच. ही उरलेली अर्धी गोष्ट मी माझ्या जवळच्या माणसांना कधी सांगितलीच नव्हती, म्हणून आज इथे लिहायला बसलेय.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेले तेव्हा मला वाटत होतं की एक दिवस खाणं चुकलं, त्याचा हा प्रसाद. त्यांनी वेगळेच प्रश्न विचारायला सुरुवात केली. दहाच्या सुमाराला चिडचिड होते का? भाजीत मीठ दोनदा पडतं का? झोपेत घाम येतो का? मी नाही म्हणत होते आणि शेजारी बसलेली मुलगी प्रत्येक प्रश्नाला हो म्हणत होती. ‘आई, साडेदहाला तुझ्याशी कोणी बोलायचं नाही हे घरात ठरलेलं आहे.’ हे म्हणाले, दोन महिने झाले, ती पहाटे झोपेत बडबडते, उशी ओली होते. ह्यांना वाटलं कामाचा ताण. मला वाटलं पाळी जायचं वय. घरातल्या दोन माणसांनी सगळं बघितलं होतं आणि त्याला साखरेचं नाव कोणी दिलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये माझा एचबीएवनसी ६.२ आला होता. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ही तपासणी. नातेवाइकांच्या ग्रुपवर मी तो रिपोर्ट टाकला होता आणि सगळ्यांनी शाबासकी दिली होती. डॉक्टरांनी तोच कागद समोर ठेवला आणि सांगितलं की सरासरीत खड्डे दिसत नाहीत. दुपारी १८० आणि पहाटे ५५ असली तरी कागदावर आकडा सुंदर येतो. साखर ७० च्या खाली गेली की लो धरायची आणि लगेच काहीतरी घ्यायचं. ५४ च्या खाली गेली की मेंदूचं काम बिघडायला लागतं, कारण मेंदू मुख्यतः साखरेवरच चालतो आणि स्वतःजवळ साठा जवळजवळ ठेवतच नाही.

मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी खरी घाबरले. साखर उतरायला लागली की शरीर आधी आपल्याला हाका मारतं. हात थरथरतात, छातीत धडधडतं, घाम फुटतो, कडकडून भूक लागते. ही सगळी त्या हाकेची चिन्हं. पण साखर वरचेवर खाली जायला लागली की शरीराला त्याची सवय होते आणि ही हाक उशिरा येते, पुढे पुढे येतच नाही. मग माणूस एकदम गोंधळात शिरतो, मधली पायरी गाळून. चतुर्थीच्या दिवशी मला थरथर झाली नव्हती, धडधड झाली नव्हती. महिनोन् महिने मी छोट्या छोट्या ‘लो’कडे ‘भूक लागलीय’ म्हणून दुर्लक्ष केलं, त्यात ती घंटा बंद पडली होती. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही, मेटोप्रोलॉलसारख्या, धडधड आणि थरथर झाकली जाते. घाम मात्र सहसा तसाच राहतो. म्हणून त्या गार घामाचं मी एवढं वर्णन केलं.

यावर उपाय आहे, हे मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. काही आठवडे साखर अजिबात खाली जाऊ द्यायची नाही. माझा सकाळचा डोस चोवीसवरून अठरावर आला, रात्रीचाही कमी झाला. (हे माझे आकडे. ज्याचे त्याचे डॉक्टर ठरवतील.) तीन आठवडे आकडे थोडे वरच ठेवले. १६०, १७० दिसलं की जीव खालीवर व्हायचा, कारण इतकी वर्षं वरच्याच आकड्याची भीती घातलेली. नोव्हेंबरात एके सकाळी भाजी चिरताना विळीवर माझा हात थरथरला. मीटरवर ६८. मी मावशींना हाक मारून थरथरणारा हात दाखवला, आणि त्या पंधरा मिनिटांत आम्हा दोघींना झालेला आनंद दुसऱ्या कोणाला कळणं कठीण आहे. घंटा परत वाजली होती.

साखर किती द्यायची याचं उत्तर मला अंदाजात नको होतं. आमच्या धंद्यात सगळं काट्यावर. १५ ग्रॅम साखर द्यायची आणि पंधरा मिनिटं थांबून पुन्हा तपासायचं, हा नियम. मी दुकानातल्या छोट्या काट्यावर आमचा चहाचा चमचा सपाट भरून मोजला, ४ ग्रॅम भरले. म्हणजे चार चमचे. मुलीने दिलेलं माप बरोबर होतं. साध्या कोल्ड्रिंकमध्येही तेवढी साखर साधारण १५० मिलीमध्ये मिळते, पण डाएटची बाटली असेल तर तिचा काडीचा उपयोग नाही. आमच्या काउंटरवर चहासाठी शुगर-फ्रीच्या पुड्या असतात. घाबरलेल्या माणसाच्या हाताला नेमकी तीच पुडी लागू शकते, म्हणून आता त्या वेगळ्या डब्यात, वरच्या फळीवर.

गोड पदार्थ म्हणून लोक पेढा, बर्फी, चॉकलेट पुढे करतात. मी स्वतः हे पदार्थ करते म्हणून सांगते, पेढ्यात खवा आहे, चॉकलेटमध्ये चरबी आहे. स्निग्ध पदार्थाबरोबर गेलेली साखर रक्तात सावकाश उतरते. बिस्किटाचंही तसंच, पीठ पचायला वेळ लागतो. सणाला आधी तूप घातलेला मोदक भरवायला जाल, पण त्या क्षणी साखरेचं पाणीच लागतं. मोदक नंतर.

मी १५-१५ ग्रॅम ग्लुकोज पावडरच्या पुड्या बांधल्या. साखर न घेता ग्लुकोज का, ते पुढे सांगते. पाकिटावर डेक्स्ट्रोज लिहिलेलं बघून घेतलं, कारण चवीच्या पाकिटांमध्ये साखरही मिसळलेली असू शकते. दोन पुड्या माझ्या बटव्यात, दोन गल्ल्यात, दोन मावशींच्या कनवटीला. आणि दुकानातल्या सगळ्यांना एकत्र बसवून सांगितलं. माझी पारी फाटली, माझा हिशेब चुकला, मी विनाकारण ओरडले, तर मला विचारत बसायचं नाही. मी ‘मला काही झालेलं नाही’ म्हणेन, त्यावर विश्वास ठेवायचा नाही. बोट टोचायचं. मीटर सापडलं नाही तर साखर देऊन टाकायची. चुकून साखर वाढलेलीच असली तरी चार चमच्यांनी फार काही बिघडत नाही. लो असेल आणि दिली नाही तर बिघडतं. वाढली असेल असं समजून सुई मात्र कोणी टोचायची नाही. आणि मी शुद्धीवर नसेन, गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही, ते श्वासनळीत जाईल. कुशीवर वळवायचं, १०८ ला फोन करायचा. ‘माणूस डायबिटीसचा आहे, इन्सुलिन घेतो’ हे फोनवरच सांगायचं. कांदा हुंगवायला धावू नका हेही सांगितलं, कारण आमच्यातली एक जण खरंच तेच विचारत होती.

दुकानात बोलून झाल्यावर माझ्या मनात आलं ते डब्यांचं. आमचे तेव्हा ८३ डबे जायचे, त्यातले कितीतरी एकट्या-दुकट्या म्हाताऱ्या माणसांकडे. मुलं पुण्याला नाहीतर परदेशात. ही माणसं गोळी घेऊन माझ्या डब्याची वाट बघत बसतात. इतकी वर्षं मी डबा उशिरा गेला की ‘ट्रॅफिक होतं हो’ म्हणत होते आणि पलीकडे काय होत असेल याचा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता. मी एकेकाला फोन केला, गोळ्यांच्या पट्टीचे फोटो मागवले आणि गल्लीतल्या मेडिकलवाल्यांबरोबर बसून रजिस्टरवर ठिपके मारले. इन्सुलिनवाल्यांना लाल ठिपका. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड ही नावं पट्टीवर असतील त्यांनाही लाल, कारण या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, मग पोटात अन्न असो वा नसो. नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना ठिपका नाही, तिने एकटीने साखर सहसा एवढी खाली जात नाही. चौदा लाल ठिपके निघाले. तेव्हापासून लाल ठिपक्याचे डबे आधी निघतात, रस्ता वाकडा पडला तरी. डबे पोचवणाऱ्या मुलाच्या बॅगेत ग्लुकोजच्या पुड्या असतात.

२०२४ च्या जुलैत एक दिवस पाऊस असा लागला की वंदना टॉकीजपाशी पाणी भरलं आणि मुलगा पाऊण तास अडकला. पाचपाखाडीतले एक काका, वय ७८, तिसऱ्या मजल्यावर एकटे राहतात, लिफ्ट नाही. तो पोचला तेव्हा काकांनी दार उघडलं ते शर्ट उलटा घालून. त्याला ओळखलं नाही. ‘मीटिंग संपली का?’ असं काहीतरी विचारत होते, तोल जात होता. त्याच्या जागी दुसरा कोणी असता तर म्हातारा सकाळीच प्यायलाय असं समजून डबा ठेवून निघून गेला असता. तो म्हणाला, ‘काकू, मला तुमची फाटलेली पारी आठवली.’ त्याने काकांना खुर्चीवर बसवलं, एक घोट देऊन गिळतायत का बघितलं, पुडी पाण्यात मिसळून पाजली, मला फोन लावला आणि घड्याळ लावून बसला. दुसऱ्या पुडीनंतर काकांनी त्याचं नाव घेतलं.

काकांच्या गोळीत ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि वोग्लिबोज अशी तीन औषधं एकत्र आहेत, हे मला ठिपके मारताना कळलं होतं. ग्लुकोजच्या पुड्यांचं कारण तेच. वोग्लिबोज आतड्यात साखर फोडणाऱ्या विकरांना अडवतं, जेवणानंतर साखर एकदम चढू नये म्हणून. त्यामुळे अशा माणसाला लो झाल्यावर घरातली साखर दिली तर ती लवकर फुटत नाही, आतड्यातच अडकून राहते. ग्लुकोज फोडावं लागत नाही, ते सरळ रक्तात जातं. अकार्बोजचंही तसंच. आपल्याकडे अशा एकत्र गोळ्या घेणारे घरोघरी आहेत, आणि त्यांच्या स्वयंपाकघरात साखरेचाच डबा आहे. आपल्या माणसाची पट्टी उलटून एकदा बारीक अक्षरं वाचा, एवढं मी हात जोडून सांगते.

काका ताळ्यावर आले आणि म्हणाले, झालं, आता मी ठीक आहे, डबा खातो. मी दुकान मावशींवर सोपवून पोचले होते. मी त्यांना जबरदस्तीने हॉस्पिटलमध्ये नेलं. इन्सुलिनमुळे झालेला लो एकदा सावरला की बहुतेक वेळा सावरतो. गोळीचा लो तसा नाही, गोळी दिवसभर काम करत राहते, साखर पुन्हा खाली ओढते. तिथे त्यांना सलाइनमधून ग्लुकोज लावलं, रात्रभर ठेवलं, आणि रात्री दोनला त्यांची साखर परत ६० पर्यंत घसरली होती. घरी एकटे झोपले असते तर? रक्ताच्या तपासणीत मूत्रपिंडांचं काम सांगणारं क्रिएटिनिन वाढलेलं निघालं. मूत्रपिंडं थकली की औषध अंगातून लवकर बाहेर पडत नाही, तीच जुनी गोळी जास्त जोर करायला लागते. पाच वर्षं काका मेडिकलमधून जुन्याच चिठ्ठीवर तीच गोळी आणत होते. मग डॉक्टरांनी ती बदलून दिली. आता काकांच्या नावापुढचा लाल ठिपका मी खोडलाय, पण डबा मात्र अजूनही आधीच जातो.

आणखी एक गोष्ट, जी मी माझ्या शेजारणीच्या घरी जेमतेम थांबवली. तिच्या सासूबाईंचं इन्सुलिनचं पेन अडकलं होतं. घरात जुन्या सिरिंज होत्या, लाल टोपीच्या. तिने पेनच्या कार्ट्रिजमधून त्या सिरिंजने औषध काढायला घेतलं होतं. लाल टोपीची सिरिंज ही ४० च्या, म्हणजे एका मिलीत ४० युनिट असलेल्या, बाटलीसाठी असते आणि त्या पेनमधलं इन्सुलिन १०० चं, म्हणजे तेवढ्याच पाण्यात अडीचपट औषध. सिरिंजवर वीसची रेघ बघून काढलं असतं तर अंगात पन्नास युनिट गेली असती. नारिंगी टोपीची सिरिंज १०० साठी. टोपीचा रंग आणि बाटलीवरचा आकडा जुळल्याशिवाय सुई टोचायची नाही.

उपासाबद्दल मला विचारतात. मी संकष्टी सोडली नाही, पण चंद्रोदयापर्यंत पोट रिकामं ठेवून सकाळचा पूर्ण डोस घ्यायचा, हे मी आता करत नाही. उपासाच्या दिवसाचा डोस डॉक्टरांनी वेगळा लिहून दिलाय आणि दुपारी फराळ करते. मीटरवर ७० च्या खाली दिसलं की त्या क्षणी उपास सुटला. सासूबाईंनीच सांगितलंय तसं, त्या ८१ वर्षांच्या आहेत आणि घरात त्यांचा शब्द चालतो.

२०२५ मध्ये गणपती २७ ऑगस्टला आले. ऑर्डर सातशे वीस मोदकांची. आता नियम असा की आधी पोळ्यांचा तवा, मग मोदकपात्र. माझं ताट वाढून समोर आल्याशिवाय मी सुईचं झाकण काढत नाही. घड्याळात अर्धा तास मोजते आणि मावशी समोर उभ्या राहून मला शेवटच्या घासापर्यंत खायला लावतात. काउंटरमागच्या भिंतीवर मुलीने मोठ्या अक्षरांत लिहून लावलंय: आईला गोड चालतं, कधी ते खाली वाचा. त्याखाली पुडी कुठे आहे, किती द्यायची, कोणाला फोन करायचा.

साडेसातला मी हळदीच्या पानावर मोदक मांडत होते. मावशींचं लक्ष माझ्या हातांकडे होतं, दोन वर्षं ते तिथेच असतं.

‘वहिनी, लागोपाठ दोन पाऱ्या फाटल्या तुमच्या. बोट द्या इकडे.’

मी हात धुऊन बोट पुढे केलं. मावशींना अक्षरं फारशी येत नाहीत, आकडे पक्के येतात. त्यांनी मीटर उजेडाकडे धरलं आणि दोनदा वाचलं. ११६. मग त्यांनी परातीतल्या उकडीत बोट रुतवून बघितलं, वाटीतलं कोमट पाणी घेतलं आणि ती पुन्हा मळायला घेतली. या वेळी उकडच सुकली होती.